दोरीवरचा हात

उस्तादांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि उजवा हात जो रुसला, तो मानपान न मिळालेल्या जावयासारखा. पोटापर्यंत यायचा, छातीशी घुटमळायचा, आणि त्याच्या वर जायचं नाव काढलं की उस्ताद अशी बोंब ठोकत की शेजारच्या घड्याळजीची घड्याळं पुढे पळत.

दुसऱ्या कुणाचं हात खाली ठेवूनही भागलं असतं. पण उस्तादांचं केस कापायचं दुकान. आणि माणसाचं डोकं, देवानं काय विचार करून ठेवलंय कुणास ठाऊक, सगळ्यात वर असतं.

"दोन महिने दुकान बंद ठेवा म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई?" उस्तादीणबाईंनी आठवण करून दिली.

"आणि समोरचा तोवर काय जप करत बसेल?" समोर काचेच्या दाराचं नवं सलून निघालं होतं. "एकदा गेलेलं डोकं परत येत नाही बाई!"

"मग मी कापते. माहेरी चारही भावांचे केस मीच कापायची."

उस्ताद हसले. खांद्यातून कळ गेली, तरी हसले. "या दुकानात माझ्या हाताशिवाय कात्री चाललेली नाही. चालायचीही नाही!"

डॉक्टरीणबाईंनी व्यायामाला एक कप्पी दिली होती. ती छताला टांगायची, वरून दोरी सोडायची, एक टोक दुखऱ्या हाताला बांधायचं आणि दुसरं चांगल्या हातानं ओढायचं. की हात आपसूक वर! उस्तादांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी कप्पी घरातून काढली आणि दुकानात, खुर्चीच्या बरोब्बर मागे छताला टांगली. पण डाव्या हातात कंगवा. मग दोरी ओढणार कोण?

"घे," ते बायकोला म्हणाले. "ओढण्यापुरतं. केसांतलं बोलायचं नाही."

पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. संध्याकाळी शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता. फोटोसाठी केस नीट हवे होते.

"वर," उस्ताद म्हणाले. कात्री वर गेली. "अजून वर... बास. अगं बास! मास्तर आहेत हे, विहीर नाही!"

"मग नीट सांगा की! वर म्हणता म्हणून ओढते, तर वर ओरडता."

"उस्ताद," हेडमास्तर हळूच म्हणाले, "मी उद्या येऊ का?"

"उद्या फोटो आहे का तुमचा? बसा गप."

हळूहळू सूर जमला. वर, खाली, कचकच, कचकच. आणि तेवढ्यात एक माशी आली. उस्तादीणबाईंच्या नाकावर बसली. बाईंनी हात झटकला. ज्या हातात दोरी, नेमका तोच. उस्तादांचा हात घारीसारखा खाली झेपावला आणि हेडमास्तरांच्या कपाळापासून शेंडीपर्यंत सरळ पायवाट पडली. एक बैलगाडी आरामात गेली असती.

माशी आपलं काम करून उडून गेली.

"काय झालं?" हेडमास्तरांनी विचारलं. चष्मा त्यांनी काढून ठेवला होता.

"काही नाही," उस्ताद घाम पुसत म्हणाले. "नवी पद्धत आहे. शहाण्या माणसांना शोभते."

हेडमास्तर तसेच स्टेजवर चढले. पोरं चाट पडली. आयुष्यभर शिस्त शिस्त करणारा माणूस जाता जाता असा! दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या दारात ही रांग.

"मला हेडमास्तरांसारखं करा."

आता आली का पंचाईत! ती पायवाट कापून पडली नव्हती, झटक्यानं पडली होती. उस्तादांनी मुद्दाम पाडून बघितली, तर सांडलेल्या रश्शासारखी पसरली. शेवटी खरं काय ते सांगावं लागलं, आणि लोक खुर्चीत बसून माशीची वाट बघू लागले. एक जण तर सकाळी बसला तो दुपारी डबा खाऊन परत बसला. समोरचा सलूनवाला इरेला पेटला. त्यानं काचेचं दार उघडं टाकलं आणि साखरेच्या पाण्याच्या बश्या मांडल्या. माश्या आल्या ढीगभर, पण सगळ्या गिऱ्हाइकांच्या नाकावर बसल्या, आणि होतं नव्हतं तेही गिऱ्हाईक पळालं.

ही कीर्ती डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेली. त्या तडक दुकानात आल्या.

"खांदा शिवलाय मी तुमचा! कुणी झटके द्यायला कळसूत्री बाहुली आहात का? कात्री बंद! फक्त दोरी ओढायची, तीही हळूहळू, आणि रोज!"

उस्तादांचं तोंड एवढंसं झालं. रांग बाहेर खोळंबलेली. उस्तादीणबाईंनी कात्री उचलली.

"थांब!" उस्ताद ओरडले. "दोरी मनगटाला बांध. मी इकडून ओढतो. माझा अनुभव दोरीतून उतरेल, तेव्हा तुझा हात चालेल."

"बरं," बाई म्हणाल्या. इतक्या पटकन 'बरं' म्हणाल्या, तिथंच उस्तादांना शंका यायला हवी होती.

उस्तादांचा बाक पडद्यामागे. तिथून वरची कप्पी तेवढी दिसायची. ते ओढत, कप्पी करकरे, पुढे कात्री चाले, गिऱ्हाईक खूश होऊन जाई. ओढून ओढून हात मोकळा होत गेला. छातीशी अडणारा खांद्याला लागला, खांद्याचा कानाला, आणि एके सकाळी थेट छताकडे! डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटून सांगितलं, "झाला बरा. आता घ्या कात्री."

"मला काय हौस नाही का?" उस्तादांनी उसासा सोडला. "पण मग दोरी कोण ओढणार? हिचा हात माझ्याशिवाय हलत नाही हो!"

त्याच दिवशी हेडमास्तर दाढीला आले. आता त्यांनी चष्मा डोळ्यांवरच ठेवला होता.

"काय उस्ताद, हात कसा आहे?"

"कसा म्हणजे?" पडद्यामागून आवाज आला. "तुमची दाढी कोण करतंय मग! हा बघा!" आणि उस्तादांनी जोरात दोरी खेचली.

हेडमास्तरांनी आरशात बघितलं. दोरीच्या टोकाला पाण्यानं भरलेली बादली होती. ती डुलत डुलत अर्ध्यावर गेली आणि खाली आली. बाईंचं मनगट मोकळं. वस्तरा आपला सावकाश चाललेला.

हेडमास्तरांनी तोंड उघडलं.

वस्तरा त्यांच्या गळ्यावर थांबला. आरशातून बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि गोड हसल्या.

"वा उस्ताद," हेडमास्तर म्हणाले, "काय हात आहे तुमचा!"