गजभिये काकांचं बेट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मनोहर गजभिये काकांचं नाव सांगतो. आणि लगेच सावधही करतो: त्यांच्याशी बोलताना मध्ये तोंड घालू नका. ते 'ओव्हर' म्हणेपर्यंत थांबा.

काका हौशी रेडिओवाले. सरकारी लायसन, छतावर ॲल्युमिनियमचा भलामोठा अँटेना, आणि पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून दिवसभर जगाशी गप्पा. एका वेळी एकानंच बोलायचं आणि बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, ही तिथली शिस्त. काकांनी ती बाजारातही लागू केली. बेसा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत येणारी भाजीवाली आता स्वतःच सांगते, "मेथी ताजी हाये, बाबाजी. ओव्हर." स्वयंपाकालाही ते रेडिओचे मार्क देतात. तिकडे उत्तम आवाजाला 'पाच-नऊ' म्हणतात. काकूंच्या झुणक्याला पाच-नऊ मिळायचे. माझी खिचडी पाच-तीनच्या वर कधी गेली नाही.

मी त्यांचा भाडेकरू होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की मी दुसऱ्याला पुढे करायचो. काकांनी मला लायसनच्या परीक्षेला बसवलं आणि पास झाल्यावर माईक हातात दिला. "बोल गा. तो ब्राझीलचा हाये. त्याचंबी इंग्रजी आपल्यासारखंच हाये. काहून भिऊन राहिला?" रोजच्या गप्पांत त्या ब्राझीलवाल्यानं मला नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आणून सोडलं.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी काकांचा फोन आला. "मले प्रोग्रामिंग शिकव. आपलं स्टेशन आपोआप चाललं पाहिजे. ओव्हर."

मी त्यांना चित्रांचं प्रोग्रामिंग दाखवलं. यात ओळी लिहायच्या नसतात. पडद्यावर रंगीत चौकोन ठेवायचे, प्रत्येक चौकोनाला एक काम, आणि माऊसनं रेषा ओढून ते एकमेकांना जोडायचे.

"म्हंजे हे वायरिंगच झालं ना गा!" काका खूश.

तिथेच घोटाळा झाला. घरातलं सगळं वायरिंग काकांनी स्वतःच्या हातानं केलेलं. त्यामुळे पडद्यावरची एक रेष दुसरीवरून गेलेली त्यांना खपेना.

"वायरवर वायर? शॉर्ट होईन ना!"

"काका, ही नुसती चित्रं आहेत."

"म्हून घाणेरडं काम करायचं काय? कंपनीत असंच करून राहिला काय तू?"

रेष रेषेला ओलांडू नये म्हणून ते तिला सगळ्या पडद्याची प्रदक्षिणा घडवून आणत. शिवाय जोडणी करताना पायात रबरी चप्पल हवीच. व्हिडिओ कॉलवरचा अर्धा तास चप्पल शोधण्यातच जायचा.

पण शिकले. अँटेना पहिल्यांदा आपोआप वळला तेव्हा त्यावरचे कावळे उडाले आणि शेजारचे शेंडे गच्चीवरून ओरडले, "काका, हवा नाही आन् तुमचा अँटेना फिरून राहिला!"

"फिरून नाही राहिला, माह्यं आयकून राहिला!"

हे सारं एका बेटासाठी होतं. दक्षिणेकडच्या समुद्रात एक ओसाड बेट आहे. तिथे कुणी राहत नाही. कधीतरी काही रेडिओवाले बोटीनं जातात, थोडे दिवस तंबू ठोकून जगाशी बोलतात आणि परततात. मग कित्येक वर्षं शांतता. रेडिओवर भेट झाली की समोरचा पोस्टानं कार्ड पाठवतो. काकांच्या भिंतीवर देशोदेशीची कार्डं होती, या बेटाचं नव्हतं. यंदा मंडळी पुन्हा जाणार होती. बेटाचा आवाज कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर उमटला की सेट तिथे लागावा, अँटेना तिकडे वळावा आणि भोंगा वाजावा, अशी काकांची जोडणी. बटण दाबून बोलायचं काम तेवढं त्यांचं.

मी रजा काढून गेलो. काकू खालच्या खोलीत पलंगावर होत्या. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांचा जिना सुटला होता. "जा वरती," त्यांनी काकांना पिटाळलं, "तुमची दुसरी बायको वाट पाहून राहिली."

दुपारी भोंगा वाजला. काका हेडफोन लावून हाका घालू लागले. अर्धं जग त्याच बेटाला हाका मारत होतं. बऱ्याच वेळानं बेटानं काकांचा कॉलसाइन, म्हणजे त्यांचं रेडिओवरचं सांकेतिक नाव, उच्चारला. काका ताठ झाले. आता दोघांनी एकमेकांचा आवाज कसा येतो एवढं सांगायचं, की भेट पक्की. काकांनी बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि सेट मुका झाला.

मी पडद्याकडे पाहिलं. एक लाल चौकोन चमकत होता. त्याची रेष सगळ्या पडद्याला वळसा घालून थेट सेटला जोडलेली होती. हे मी शिकवलेलं नव्हतं.

"काका, हे चुकीचं जोडलंय! थांबा, काढतो."

"हात नोको लावू!" हेडफोन उतरवत काका उठले. "काकूची बेल हाये ते. हे कानाले असलं का मले तिची बेल आयकू येत नाही. म्हून तिनं दाबली का सारं बंद." आणि ते जिना उतरायलाही लागले.

खाली काकू उशीवरून अर्ध्या उठल्या होत्या. "अवो, राहवलंच नाही मले. लागलं काय तुमचं बेट?"

काका दारात थांबले. श्वास लागला होता.

"लागलं वं," ते म्हणाले. "एकदम साफ."

काकूंनी मला फडताळातले पेढे काढायला लावले. काकांनी एक खाल्ला. आम्ही वर गेलो तोवर बेटाचा आवाज बुडाला होता. पुढे तिकडे वादळ आलं आणि मंडळी लवकर परतली.

नंतर पुण्याहून मी काकांना हे पत्र लिहिलं:

आदरणीय काका, सप्रेम जयभीम.

काल काकूंचा फोन आला होता. बेटवाल्यांचं कार्ड अजून कसं आलं नाही, म्हणत होत्या. शेंडेकाकांकडून भिंतीला खिळाही ठोकून घेतलाय. मी सांगितलं, बेटावर पोस्टमन नाही, उशीर होणारच. त्यांना पटलं.

ती मंडळी पुन्हा निघाली की मला आधी कळवा. मी रजा काढून येतो. वर तुमच्याजवळ बसणार नाही. खाली काकूंपाशी बसेन. त्यांना जे विचारायचं ते मला विचारतील, मी वर-खाली करीन. तुम्ही निवांत बोला.

लाल चौकोन मात्र तसाच असू द्या.

तुमचा,
प्रवीण