सकू दुरुस्त झाली त्याची गोष्ट

एका जंगलात रस्ते नव्हते, पण वाहन तपासणी खाते होते. हसू नका, मुलांनो. आधी खाते निघते, मग रस्ता निघतो, आणि रस्ता निघालाच तर त्यात खड्डे निघतात. मोठे झालात की कळेल.

तर त्या जंगलात भालबा नावाचे अस्वल राहत असे. त्याच्याकडे एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार होती. लाल, बुटकी, दोनच सीटची. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये दडलेले असत आणि खटका दाबला की बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर येत. तिचे जपानी नाव भालबाच्या जिभेला झेपत नसे, म्हणून तो तिला सकू म्हणे. भालबाला ना बायको, ना पोर. त्याचा सगळा संसार म्हणजे ती सकू. तो तिला रोज पुसायचा आणि पुसता पुसता तिच्याशी गप्पा मारायचा.

सकूची एकच बारीकशी तक्रार होती. मागे एकदा उंदरांनी तिच्या तारा कुरतडल्या, तेव्हा माकड मिस्त्रीने त्या जोडून दिल्या होत्या. मिस्त्रीकडे लाल तारेचे एकच भेंडोळे होते. त्याने सगळीकडे तीच वापरली. जे टोक हाताला लागले, ते जवळच्या टोकाला पिळले. फ्यूज मिळेना, म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळून खोचली. मग शेपटी झटकून म्हणाला, "चालतंय की!"

चालत होते हे खरेच. फक्त हॉर्न दाबला की वायपर फिरत. वायपर लावले की दिवे वर येत. आणि दिव्यांचा खटका दाबला की हॉर्न वाजे.

दुसरा कुणी असता तर त्याने माकडाला झाडावरून खाली खेचले असते. भालबाने पाठांतर केले. "हॉर्न हवा, दिवे लावा. दिवे हवे, वायपर लावा. वायपर हवे, हॉर्न दाबा." हे तो आंघोळ करताना म्हणे, मध काढताना म्हणे. होता होता ते त्याच्या हातात मुरले. आता त्याला विचारही करावा लागत नसे.

एके दिवशी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. "जुन्या गाड्यांची उद्या तपासणी. जे नादुरुस्त निघेल, ते भंगारात!"

सगळ्या गाडीवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. भालबा मात्र निवांत होता. "सकू, घाबरू नकोस," तो म्हणाला. "साहेब गाडीच्या पुढे उभे राहतात. हॉर्न म्हटलं की हॉर्न ऐकू आला, बास. तो मी कुठून वाजवला, त्याच्याशी त्यांना काय करायचंय?"

हे ऐकले शलाका साळिंदरने. ती भालबाची मानलेली भाची. शहरातून तारांचे शास्त्र शिकून नुकतीच परतली होती.

"अहो मामा, हा बिघाड आहे!"

"बिघाड नाही गं, स्वभाव आहे तिचा."

"मी नीट करून देते. एका दुपारचं काम आहे."

"हात लावायचा नाही," भालबा म्हणाला. "पोरगी चांगली नांदतेय, तर हिला माहेरी न्यायचं सुचतंय!"

शलाका गप्प बसली. पण तारांचे शास्त्र शिकलेल्याला गप्प बसता येते, स्वस्थ बसता येत नाही. आणि मामावर तिचा जीव होता. मामाची गाडी भंगारात गेली तर मामा अन्नपाणी सोडील, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी भालबा जेवून आडवा झाला आणि घोरू लागला. शलाकाने अंगावरचा एक काटा उपटला, त्याला पितळी टोपण चढवले आणि त्यावर छोटा बल्ब बांधला. बल्बची दुसरी तार गाडीच्या पत्र्याला अडकवली. आता काटा ज्या तारेत टोचावा, तिच्यात वीज असली की बल्ब पेटे. अशी ती एकेक तार टोचत निघाली. स्टिअरिंगखाली सगळा लाल गुंता होता. पण प्रत्येक तारेच्या मुळाशी मूळ जपानी रंग बोटभर उरला होता. हिरवीवर लाल रेघ, निळीवर पांढरी रेघ. तिने रेघेला रेघ जुळवली. चांदी काढून खरा फ्यूज बसवला. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता, तो घासून चकचकीत केला.

मग हॉर्न हळूच दाबून पाहिला. हॉर्नच वाजला! शलाकाला इतका आनंद झाला की तिचे सगळे काटे उभे राहिले. 'मामांना आत्ता नको सांगायला,' तिने ठरवले. 'गाडी पास झाली की सांगू.'

भालबा उठला, सकूत बसला आणि मैदानाकडे निघाला. भर उजेड होता, दिवे लागले नाहीत. वाटेत ससा आडवा आला, पण तो आपणहूनच पळाला. शलाका मागून पळत आली आणि कुंपणाशी उभी राहिली.

तपासणीला बगळेसाहेब होते. पांढरा शुभ्र गणवेश, एक पाय वर. ते सकूच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"हॉर्न!"

भालबाने ऐटीत दिव्यांचा खटका दाबला. सकूचे दोन्ही डोळे टपकन उघडले.

"हॉर्न म्हणालो मी."

भालबाने खटका बंद करून पुन्हा दाबला. डोळे मिटले, उघडले.

"डोळे मारतेय का ही मला?" बगळेसाहेबांचा दुसरा पायही खाली आला. "दिवे बंद करा!"

भालबाच्या हाताने सवयीने वायपरचा दांडा ओढला. वायपर फिरले आणि काच धुण्याची पिचकारी उडाली. टाकीत पाणी नव्हते, मध होता. अस्वलाच्या गाडीत दुसरे काय असणार? तो थेट साहेबांच्या शुभ्र गणवेशावर गेला.

"वायपर बंद कर, मूर्खा!"

भालबाने घाबरून हॉर्न दाबला. सकू अशी बोंबलली की बगळेसाहेब मधासकट जांभळीवर जाऊन बसले. पाठोपाठ मधमाश्याही तिथेच गेल्या.

"मामा, जिथे जे लिहिलंय तेच दाबा!" कुंपणावरून शलाका ओरडली.

"लिहिलंय जपानीत!" भालबा रडकुंडीला आला. "आणि मला मराठीच बेताचं येतं!"

शेवटी साहेबांनी झाडावरूनच शलाकाला गाडीत बसवले. तिने हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. दिवे लावले, दिवे लागले. साहेबांनी सुजलेल्या चोचीने निकाल दिला. "गाडी दुरुस्त. चालक नादुरुस्त. आणि हुकूम काय आहे? जे नादुरुस्त निघेल, ते भंगारात!"

शलाकाने चोचीला मलम लावले, पाया पडली. "साहेब, मी गाडी होती तशी बिघडवून देते हो!" तिने खरेच प्रयत्न केला. पण शिकलेला हात. कशाही तारा पिळल्या तरी रेघेला रेघ जुळायचीच. माकड मिस्त्रीला बोलावले, तर तो म्हणाला, "मागच्या वेळी काय केलं, ते मला तरी कुठं माहितीय?"

शलाकाचे काय चुकले, मुलांनो? काहीच नाही. तीच तर पंचाईत झाली.

आता भालबा भंगाराच्या वखारीत एका फुटक्या बसच्या सीटवर बसलेला असतो. गाडी शलाका चालवते. ती रोज त्याला डबा घेऊन येते आणि वळणावर हॉर्न वाजवते. तो ऐकला की भालबाचे डोळे भरून येतात, आणि त्याचा पंजा आपोआप हवेतला दिव्यांचा खटका दाबतो.

तात्पर्य : बिघाड कधीही काढू नये, तो पाठ करावा. जिथे सगळ्याच तारा चुकीच्या जोडलेल्या असतात, तिथे कारभार बिनबोभाट चालतो. तरीही कुणाला दुरुस्तीची हौस आलीच, तर त्याने आधी भंगारात आपल्या माणसासाठी एक बरीशी सीट बघून ठेवावी.