शून्य नंबरचं पिंप

क्वान फूशानचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि हिवाळ्यात तर अजिबातच नव्हता. परसातल्या खोपटात त्याची डिझेलची दोन पिंपं होती. एकात उणे पस्तीस नंबरचं, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारं महागडं डिझेल. दुसऱ्यात उन्हाळ्यातलं उरलेलं शून्य नंबरचं, जे थंडीत मेणासारखं थिजतं. शेजारचा थोंग महागड्या पिंपातून डबे भरून नेतो, असा क्वानला दाट संशय होता. पुरावा? थोंग हल्ली फार गोड बोलत होता!

म्हणून क्वाननं शक्कल लढवली. चांगल्या पिंपावर लाल रंगात ‘०’ रंगवलं आणि टाकाऊ पिंपावर ‘-३५’. "ने लेका आता! बस गाडीखाली कुडकुडत!" बायकोला मात्र त्यानं पत्ता लागू दिला नाही. क्वेइयिंगच्या तोंडात तीळ भिजत नसे.

चार दिवसांनी लेकीचे होणारे सासू-सासरे दक्षिणेतून पहिल्यांदाच येणार होते. दुपारी बाराला तालुक्याच्या स्टेशनावर गाडी. त्या दिवशी सकाळी पारा उणे तेहतीसवर, आणि क्वानचा ट्रक ढिम्म हलेना.

"थोंगनं काहीतरी केलंय!" क्वान ओरडला.

"उगाच त्याला कशाला शिव्या? टाकी रिकामी होती, काल मीच भरली," क्वेइयिंग म्हणाली. "पस्तीसवालं घातलंय. वाचता येतं मला."

क्वान मटकन पायरीवर बसला. मग सगळं सांगावंच लागलं.

"अरे देवा! चोराला फसवायला गेलास आणि घरच्यांनाच बुडवलंस!"

घमेल्यात निखारे घालून ते टाकीखाली सरकवले, नळ्यांवर उकळतं पाणी ओतलं. फिल्टर उघडला तर आत पांढरा लगदा. तेवढ्यात पाहुण्यांसोबत येणाऱ्या लेकीचा आगगाडीतून फोन. "बाबा, निघालात ना? सासूबाईंच्या पायात कापडी बूट आहेत हो! लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

क्वानला रडूच कोसळायचं बाकी होतं. इतक्यात फाटकाबाहेर थोंगचा ट्रक घुरघुरत थांबला. "वहिनी, मी आणतो की पाहुण्यांना! दादा, तुम्ही हात शेका."

तासाभरात पाहुणे खालून निखाऱ्यांनी तापवलेल्या विटांच्या ओट्यावर बसून आंबवलेला कोबी घातलेलं डुकराचं मटण ओरपत होते. सासरेबुवा गहिवरले. "एवढ्या थंडीत तुमची गाडी कशी चालली हो, थोंगसाहेब?"

दोन पेले पोटात गेले होते, थोंगची कळी खुलली. "रॉकेलची कमाल! शून्य नंबरमध्ये थोडं रॉकेल मिसळलं. दादा, रागावू नका, परवा दोन डबे तुमच्याकडूनच नेले. विचारायचं राहिलं."

क्वानचा पेला ओठाशीच थांबला.

"पण पस्तीसच्या पिंपाला बोट नाही लावलं हं!" थोंग छातीवर हात ठेवून म्हणाला. "शेजाऱ्याचं महागाचं डिझेल न्यायचं? एवढा निर्लज्ज नाही मी."

"वा! असा प्रामाणिक शेजारी नशिबानं मिळतो," सासरेबुवा म्हणाले. सगळ्यांनी पेले उंचावले, आणि क्वानलाही उंचावावा लागला.