पर्सियोची दाढ

"तोंड उघड, नाहीतर कानाखाली बसेल."

"मॅडम, नीट बोला. मी पेशंट आहे."

"चिस्पा, मस्करी बास झाली. मुदो कुठंय?"

"कोण मुदो? आणि चिस्पा कोण? माझं नाव पर्सियो."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

मी सान्तियागोच्या दातांच्या कॉलेजात खुर्चीवर आडवा पडलेलो. दिवा थेट डोळ्यांत. आणि माझ्यावर वाकून दातओठ खात होती ती लेउदीस, माझी आतेबहीण. आम्ही दोघं फिओर आत्याच्या घरात एकाच पंख्याखाली वाढलोय. पंखा कुणाकडे वळवायचा यावरून रोज मारामारी. आणि मी तिला तोंडावर सांगत होतो की मॅडम, मी तुम्हाला ओळखत नाही. कारण मला वाटत होतं ही माझी परीक्षा चाललीय. ती तिची होती.

आता हे नीटच सांगतो, कारण आमच्या गल्लीत लोक भलतंच सांगतात.

त्या वर्षी मी शाळा सोडली होती. म्हणजे गणिताच्या मास्तरानं मला वर्गाबाहेर काढलं आणि मी परत आत गेलो नाही. घरचे त्याला सोडली म्हणतात. लेउदीस मात्र शेवटच्या वर्षाला पोचली होती. आमच्याकडे दातांचं शिकणाऱ्यांना कॉलेज सगळं देतं, पेशंट देत नाही. ते आपापले हुडकून आणायचे. त्यामुळे लेउदीसनं अख्ख्या गल्लीची तोंडं आतून बघितली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनो खेळणारे म्हातारे ती दिसली की ओठ मिटायचे. बाई तांदूळ घ्यायला आली आणि चुकून हसली की लेउदीस म्हणणार, "वरची डावी किडलीय. गुरुवारी या." नमस्कार नाही, चमत्कार नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर लोक आ करून बसलेले, मी टॉर्च धरलेला, घरभर लवंगेचा वास, आणि आतून आत्या ओरडतेय की जेवणं गार झाली. हात सोन्याचा होता पोरीचा. जीभ मात्र विळ्याची.

तिच्या शेवटच्या परीक्षेला एक अवघड दाढ काढून दाखवायची होती. तशी दाढ गल्लीत एकाच माणसाकडे होती. मुदोकाका, आमचा न्हावी. मुदो म्हणजे मुका. हा माणूस केस कापताना इतका बोलतो की गिऱ्हाईक उठतं तेव्हा केस परत वाढायला लागलेले असतात, म्हणून मुका. आमच्याकडे खरं नाव कुणी वापरत नाही. ते बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवतात आणि तिथंच ठेवून येतात. मी चिस्पा, म्हणजे ठिणगी. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

तर हा मुदोकाका दोनदा पळाला होता. दुसऱ्यांदा तर गळ्यातला निळा कागदी रुमाल तसाच फडफडवत मोटारसायकलवर मागे बसून. तिसऱ्यांदा पेशंट पळाला तर परीक्षा गेली, सगळं परत पहिल्यापासून. शिवाय जाराबाकोआच्या वर डोंगरात एका दवाखान्यात लेउदीसची जागा ठरली होती, ती दुसऱ्या कुणाला जाणार. ती जागा तिला किती हवी होती ते मला माहीत होतं, कारण त्या दिवसांत ती झोपेत पण "पुढचा" म्हणायची.

आणि नेमकं त्याच वर्षी कॉलेजात डॉक्टर एनेइदांचं संशोधन सुरू झालं.

एनेइदाबाईंचं म्हणणं असं की दातवाल्यांना दात कळतात, माणूस कळत नाही. म्हणून त्यांनी दातवाले, नर्सिंगवाले आणि समाजसेवेचं शिकणारे एकत्र बसवले आणि पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवायला घेतलं. शिकवून खरंच फरक पडतो का हे त्या मोजणार होत्या. त्यासाठी खोटे पेशंट हवे होते. आणि परीक्षेलाही नवा नियम आला: अर्धे मार्क दाढेचे, अर्धे बोलण्याचे.

लेउदीसनं ते ऐकलं आणि पलंगावर पालथी पडली. "दाढेला बोललेलं ऐकू येतं का?" उशीत तोंड खुपसून ती म्हणाली.

मला मात्र नोकरी लागली. घाबरलेला, चिडका, कुणाचं न ऐकणारा पोरगा हवा होता त्यांना. आत्या म्हणाली, "याला शिकवायचं काय त्यात?" पण मी सांगतो, मी मनात आणलं तर असा रडतो की खरा रडणारा लाजून गप्प बसतो. रोज दुपारी भात, घेवडा आणि कोंबडी मिळणार होती, तेवढ्यावर मी आनंदानं घाबरायला तयार होतो.

एनेइदाबाईंनी मला तीन गोष्टी बजावल्या. एक, स्वतःसाठी नवं नाव घे, पण तुझ्या ओळखीत कुणाचं नसेल असं. मी डोकं खाजवलं. पुलाजवळ औषधाचं एक बंद दुकान आहे, त्याच्या पाटीवर पर्सियो लिहिलंय. जन्मात मी कुणी पर्सियो बघितला नव्हता. म्हटलं, पर्सियो. दोन, मुलं तुला बोलण्यात अडकवतील, ओळख काढतील, तू सोंग सोडायचं नाही. तीन, खरंच काही त्रास झाला तर 'अवोकाडो' म्हणायचं, की सगळं थांबवतील.

परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे दोन कामं होती. आत्याचं काम, मुदोकाकावर नजर ठेवायची. एनेइदाबाईंचं काम, बोलावलं की घाबरायचं. मी आणि मुदोकाका बाहेरच्या बाकावर बसलो. तो एवढा गप्प होता की मला काळजी वाटली. डाव्या गालावर हात, दुसऱ्या हातानं गुडघा धरलेला, गुडघा तरी हलतोय.

"काका, पाणी आणू?"

"नको. पाणी पिताना तुझं लक्ष जाईल आणि मी पळेन."

तेवढ्यात उजव्या दारातून एक मुलगी डोकावली. तिला आडनावं वाचायचा कंटाळा होता. "पर्सियो," ती ओरडली.

मी उठलो. काका, इथंच थांबा म्हटलं आणि रुबाबात थरथरत आत गेलो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र नाही आलं. पर्सियो हे मुदोकाकाचं खरं नाव. आयुष्यभर त्याच्याकडे केस कापले, त्याच्या बायकोच्या हातची पेज प्यायलो, त्याच्या ओट्यावरून पडून गुडघे फोडले, पण त्याला नाव असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. आणि तो? तो का नाही उठला? नंतर मी विचारलं तर म्हणाला, "त्या नावानं मला फक्त आई हाक मारायची, आणि ती पण फटका द्यायच्या आधी. मी कशाला उठू?"

मी आत गेल्यावर डाव्या दारातून एनेइदाबाईंची मदतनीस आली. बाकावर एकटा मुदोकाका. तिनं हळूच विचारलं, "भीतीचं काम करणारे तुम्हीच ना?"

"पोरी, सकाळपासून मी दुसरं काही केलंच नाही," काका म्हणाला. ती त्याला घेऊन गेली.

इकडे खुर्चीत मी लढत होतो. मला वाटलं, एनेइदाबाई भारी निघाल्या. माझी आतेबहीणच समोर आणून सोंग मोडतं का बघतायत. म्हटलं, मी पण चिस्पा आहे.

"आत्याला सांगेन," लेउदीस कुजबुजली.

"मला कुणी आत्या नाही, मॅडम. मी अनाथ आहे."

"अरे माझी परीक्षा आहे, माकडा. सर येतायत."

"मला फार भीती वाटते, मॅडम," मी म्हणालो आणि रडायला काढलं. चांगलं गळा काढून.

तिनं माझा कान धरला. लहानपणापासून तिचा आवडता डावा कान. पिळला आणि वर ओढला, तेव्हाच पडदा सरकला आणि परीक्षक आत आले, डॉक्टर बियेनवेनिदो. हातात कॉफीचा कप. एका हातात पेशंटचा कान धरून उभी असलेली विद्यार्थिनी त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितली.

"बोलण्याचा भाग सुरू झालाय वाटतं," ते म्हणाले.

"अवोकाडो," मी म्हणालो. कोणी थांबेना. "अवोकाडो, अवोकाडो."

"हा उपाशी आलाय का?" डॉक्टरांनी विचारलं. मग फाईल बघितली, मग मला बघितलं. "पर्सियो. वय अठ्ठावन्न. न्हावी." त्यांनी चष्मा पुसला. "चांगलं टिकवलंयत स्वतःला."

त्या क्षणी मला कळलं की पर्सियो म्हणजे मुदोकाका. लेउदीसनं कान सोडला. तिचं तोंड असं झालं की मला दुसरा कान पुढे करावासा वाटला. डॉक्टर म्हणाले, "ही कॉफी संपेपर्यंत मी थांबतो. मला गरम आवडत नाही, म्हणून सावकाश पितो. पेशंट आणा."

आम्ही पळालो. बाक रिकामा. लेउदीस भिंतीला टेकली. "गेला," ती म्हणाली. "या वेळी रुमाल पण न घेता गेला." आणि माझी ती विळ्याची बहीण रडायला लागली, आवाज न करता. मी मघाशी जे रडलो होतो ना, ते किती भिकार होतं ते तेव्हा कळलं.

इतक्यात डाव्या दारामागून ओळखीचा आवाज आला. थांबतच नव्हता.

आत मुदोकाका राजासारखा बसला होता. समोर तीन मुलं, वह्या मिटलेल्या. एक नर्सिंगवाली डोळे पुसतेय. एनेइदाबाई काचेमागे उभ्या होत्या, आम्हाला बघून ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "श्श. बदली माणूस आहे, पण काय काम करतोय. असा खोटा पेशंट मी जन्मात बघितला नाही."

"तो खरा आहे," लेउदीस म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

काका सांगत होता, "माझी बायको नेरेइदा होती तोवर दात दुखला की ती वाटी गरम करून गालाला लावायची. आणि सगळा वेळ शिव्या. गप्प बस मुक्या, हलू नकोस मुक्या. हे नाव तिनंच पाडलं. ती गेल्यापासून दुकानात मी बोलतो, लोक ऐकून घेतात. कोणी गप्प बस म्हणत नाही. मग मी बोलतच राहतो."

मला नेरेइदाकाकूची पेज आठवली, दालचिनी घातलेली. जरा जास्तच घालायची ती.

लेउदीस दार ढकलून आत गेली. मागे कप घेऊन डॉक्टर बियेनवेनिदो, मागे मी. सगळे बघतायत हे तिला कळलं, मार्कांची आठवण झाली, आणि तिनं वर्गात शिकवलेलं बाहेर काढलं. हात एकमेकांत गुंफले. मान तिरकी केली.

"मुदोकाका," ती मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला जे वाटतंय ते मी समजू शकते. आपण दोघं मिळून यातून मार्ग काढू."

काकाचा रंग उडाला. "ही अशी का बोलतेय?" त्यानं मला विचारलं. "चिस्पा, खरं सांग. मला काय झालंय? किती दिवस राहिलेत?"

"काही नाही झालेलं, काका."

"मग ही मला काका का म्हणतेय? आयुष्यात म्हणाली नाही." तो उठला, खिडकीची उंची बघायला लागला. नर्सिंगवाली म्हणाली, "तुमची अस्वस्थता अगदी स्वाभाविक आहे," तसा तो खुर्चीवर चढला.

डॉक्टरांनी कपात बघितलं. तळ दिसत होता.

"गप्प बस मुक्या," लेउदीस गरजली. "उतर खाली. हलायचं नाही, बोलायचं नाही, आ कर."

काका खुर्चीवर तसाच उभा राहिला. तिच्याकडे बघत. मग खाली उतरला, टोपी काढून माझ्या हातात दिली, तिच्या पुढे चालत उजव्या दारातून गेला आणि दिव्याखाली आडवा झाला. कुणी न सांगता तोंड उघडं. दाढ काढेपर्यंत लेउदीस त्याला अखंड शिव्या देत होती आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं. दुखत नव्हतं त्याला. मी विचारलं नंतर.

डॉक्टर बियेनवेनिदोंनी दाढेला पैकीच्या पैकी दिले आणि बोलण्याला शून्य. एनेइदाबाई त्यांच्याशी जोरजोरात भांडल्या. त्यांचं म्हणणं, त्या माणसाला जे ऐकायचं होतं तेच ती बोलली, यालाच बोलणं म्हणतात. डॉक्टरांचं म्हणणं, मग कान पिळण्याला कोणत्या रकान्यात घालू? शेवटी थोडे कापले, थोडे दिले, आणि लेउदीस काठावर पास झाली. तिनं मला मिठी मारली आणि उरलेला कान पिळला.

आणि मला नारळ मिळाला. एनेइदाबाईंनी फार प्रेमानं समजावलं. "तू मेहनती आहेस, पण तुझी भीती पटत नाही रे." माझ्या जागी त्यांनी कुणाला घेतलं? मुदोकाकाला. अजून तो दर आठवड्याला दुकानाला कुलूप लावून कॉलेजात जातो, केसांना तेल लावून. दाढ कधीच गेली, पण तो गाल धरून बसतो आणि नव्या नव्या पोरांना नेरेइदाकाकूचं सांगतो. ती पोरं शिकतायत. कोंबडीही तोच खातोय.

लेउदीसला डोंगरात जाऊन दोन वर्षं होत आली. पंखा आता सगळा माझा. रात्रभर माझ्याच तोंडावर असतो आणि झोप येत नाही. ओट्यावर संध्याकाळी कुणी येत नाही. दुकानातले म्हातारे डॉमिनो खेळताना मोकळेपणानं हसतात, तर मला त्यांचे किडलेले दात दिसतात आणि उगीच चुकल्यासारखं होतं.

आणि परवापासून माझा जबडा सुजलाय. आत्यानं टॉर्च मारून बघितलं. "अक्कलदाढ येतेय," ती म्हणाली, मग जरा थांबून, "नाही, याला कशी येईल, दुसरंच काहीतरी असेल." कालच कॉलेजात जाऊन आलो. एनेइदाबाईंचं संशोधन यशस्वी झालंय, सांगायला हवं. तिथल्या पोरी काय गोड बोलतात हो. एकीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्हाला भीती वाटणं अगदी साहजिक आहे." तोवर मला वाटत नव्हती. मी रुमालासकट घरी आलो.

हे बोलताना पण ठणका लागतोय. डोंगरात जाणारी गाडी कोपऱ्यावर भरलीय, आत्यानं लेउदीससाठी कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर आदळलंय आणि ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतोय. बाकीचं राहू दे, मला आता निघायला हवं.