धूर दिसला का?

आमचे शेजारी गंगाधरमामा कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातला टेप काढून जिन्याची पायरी मोजतात, चहा नंतर. उभी हयात नगरपालिकेत लोकांची बांधकामं तपासण्यात गेली, त्याचा हा परिणाम. आमच्या वास्तुशांतीला, ऐन सत्यनारायणापुढं त्यांनी मला ऐकवलं होतं, "गुरुजी, तुमचा जिना नियमात बसत न्हाई."

मागच्या वर्षी मामी गेल्या. मुलगा पुण्याला. वसमतच्या घरात मामा एकटे उरले आणि एक दिवस त्यांनी स्वयंपाकघरात चूल घालायला काढली.

"मामा, घरात ग्यास हाय की. चूल काहून?"

"ग्यासचा धूर निघत न्हाई."

 

परवानगी काढायला मामा नगरपालिकेत गेले. तिथल्या तरुण इंजिनिअरनं हात जोडले. "साहेब, घरातल्या चुलीला कोणी परवानगी मागतं का?" मग मामा घरी येऊन स्वतःच साहेब झाले. चूल भिंतीला चिकटली, पाड. धुराडं आमच्या खिडकीसमोर आलं, पाड. गवंडी रडकुंडीला आला. "मामा, चूल तुमची अन् नोटीसबी तुमीच देऊन राहिले!"

शेवटी धुराडं आमच्या गच्चीच्या कठड्याच्याही वर गेलं, तेव्हा कुठं मामांचं समाधान झालं. तेव्हापासून रोज सकाळी ते कुंपणापाशी येऊन माझ्या बायकोला विचारायचे, "सूनबाई, धूर दिसला का?"

"दिसला मामा. पण आमाला काई तकलीफ न्हाई."

"दिसला ना? मग बराबर." तकलिफीचं ते ऐकूनसुद्धा घेत नसत.

परवा सकाळी चहा गाळता गाळता बायको थांबली. "आज मामांचा धूर न्हाई. जाऊन या बरं."

मी तसाच गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मामा तापानं फणफणले होते, पांघरुणात मुटकुळं करून पडले होते.

"काहून आलात, गुरुजी?"

"धूर दिसला न्हाई म्हणून."

मामांनी डोळे मिटले. "आमच्या पुसेगावात एखाद्या घरातून धूर निघाला न्हाई, की शेजारी विचारायला यायचे. इथं मी पडून राहिलो तर कोणाला कळंल, हीच धास्ती होती." मग पांघरुणातूनच हसले. "आलात तुमी. आता बसली चूल नियमात."

 मी डॉक्टरांना फोन केला आणि चूल पेटवायला बसलो.

"आधी खिडकी उघडा," मामा तेवढ्या तापात ओरडले. "नियम हाय!"

खिडकी उघडली. पलीकडं आमच्या गच्चीवर बायको उभी होती, मान वर करून मामांच्या धुराड्याकडं बघत. मी घाईघाईनं फुंकणी उचलली.