बाबाराव पेंटरची मात्रा

आमच्या कॉलनीतल्या भिंती वऱ्हाडी बोलतात. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने अमरावतीला यावं, आमच्या पाण्याच्या टाकीपाशी उतरावं आणि नाल्याच्या कडेकडेने चालत सुटावं. पहिल्याच भिंतीवर भलंमोठं हिरवं झाड काढलंय आणि खाली लिहिलंय, 'झाडाले पाणी द्या, झाड तुम्हाले सावली देईल.' पुढे शाळेच्या भिंतीवर, 'मुलीले शिकवा.' त्याच्या पुढे, 'ओला कचरा घंटागाडीले द्या.' शहर सुंदर करायची मोहीम निघाली तेव्हा चित्रकलेच्या पोरापोरींनी या भिंती रंगवल्या होत्या. त्यांनी लिहिला होता तो पुस्तकातला, शुद्ध, स्वच्छ 'ला'. त्या एकूण एक 'ला'चा 'ले' करणारे गृहस्थ माझ्या शेजारी राहतात. बाबाराव पेंटर.

आणि मी कोण? मी मराठीची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं लाल पेनाने 'मले'चा 'मला' आणि 'आईले'चा 'आईला' करत आले. म्हणजे बघा नशिबाचा खेळ. मी दिवसभर वर्गात जे खोडते, ते हा माणूस सकाळी भिंतीवर लिहून ठेवतो. तेही चोरून वगैरे नाही हो! चांगलं उजाडल्यावर, चहा पिऊन, सायकलच्या हँडलला रंगाचे दोन डबे अडकवून.

पद्धत ठरलेली. आधी भिंतीचा जो रंग असेल तो डब्यात कालवून कालवून जुळवायचा आणि त्याने 'ला'चा काना झाकून टाकायचा. इतका बेमालूम, की तिथे काना होता हे त्या लिहिणाऱ्यालाही आठवू नये. मग 'ल'च्या डोक्यावर एक सुरेख मात्रा. मग चार पावलं मागे सरायचं, एक डोळा मिटायचा आणि वैद्यबुवांसारखं म्हणायचं, "मात्रा देली. आता गुण येईन."

मी एकदा चांगलीच तडकले. म्हटलं, "बाबारावजी, सरकारी भिंत आहे ती!"

"भिंत सरकारी हाय, बाई. पन वाचनारे तं इथलेच हायेत ना? भाजीवाली वाचीन तं तिले वाटलं पाह्यजे का आपल्या घरचंच कोनी बोलून राह्यलं. आता वाटते का नोटीस आली." मग ब्रश झटकत म्हणाले, "अन् तुमी कायले चिडता? तुमचा ला शाळेत हाय ना सुखरूप. आमच्या प्रवीनले तुमीच तं शिकवला. पक्का बसला त्याच्या तोंडात."

प्रवीण हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माझा विद्यार्थी, हुशार. आता पुण्यात चांगल्या नोकरीत. मला ते ऐकून तेव्हा बरंच वाटलं. पावती मिळाल्यासारखं.

बाबाराव मूळचे अकोल्याचे. तिथे एका पेंटरच्या हाताखाली शिकले आणि मग उभ्या वऱ्हाडात बोर्ड रंगवत फिरले. परतवाड्याची किराणा दुकानं, वरूडचे संत्र्याचे ट्रक, अंजनगावची कापडाची दुकानं, सगळीकडे त्यांचं अक्षर होतं. "अक्षर उभं राह्यलं पाह्यजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसांबद्दलही तेच. कोणी आवडला की, "मानूस उभा हाय." नाही आवडला की, "तिरपा हाय थो, त्याले ओळंबा लावा लागते." पुढे फ्लेक्स आले आणि यांचे ब्रश डब्यात वाळले. चार वर्षांपूर्वी बायको गेली. तेव्हापासून घरात एकटे, आणि बाहेर या भिंती.

त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जाणं म्हणजे डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरणं. प्रत्येक चित्रापुढे थांबणार, नाडी बघणार. टाकीवर मेळघाटचा वाघ आहे. त्याच्यापुढे मान हलवून, "हा वाघ नाई, बाई. पोट पाहा त्याचं. लग्नाच्या पंगतीतून उठून आला." एका भिंतीवर कापूस वेचणारी बाई काढली आहे, डोक्यावर टोपलं. हे बाबारावांना फारच झोंबलेलं. "कापूस कोनी टोपल्यात वेचते काय वो? कमरेले ओटी पाह्यजे! ज्यानं हे चितारलं, थ्या पोराच्या बापानं तरी पाह्यला का कापूस?" आणि कोपऱ्यावर मोठे पांढरे पंख आहेत, ज्यांच्या मधोमध उभं राहून लोक फोटो काढतात. आमचे हेही एकदा उभे राहिले होते. बाबाराव बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, देवदूत दिसाले पाह्यजे होते. कोंबडी अंड्यावर बसल्यावानी दिसून राह्यले." आमच्या घरात तो फोटो त्यानंतर कोणी बाहेर काढला नाही.

पण चित्राला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. चित्र दुसऱ्याचं, ते म्हणत. आपला हक्क अक्षरावर.

एक दिवस गंमत झाली. 'चला स्वच्छतेकडे' या ओळीत कोणीतरी वात्रटपणे 'चला'चं 'चले' केलं. सगळी कॉलनी बाबारावांकडे बघून हसायला लागली, आणि बाबाराव असे भडकले की विचारू नका. थेट माझ्या दारात. "बाई, तुमी सांगा लोकाइले! मी अडानी हाय काय? थो 'चला' चालनारा हाय, त्याचा 'ला' त्याच्या सोताचा हाय. मी फक्त चिटकवलेला 'ला' काढतो!"

मी थक्क झाले. धातूतला 'ला' आणि प्रत्ययाचा 'ला' यांतला फरक दहावीच्या पोरांना समजावताना माझा घसा बसतो. सातवी शिकलेल्या या माणसाने तो एका वाक्यात सांगितला. त्याच दिवशी त्यांनी जाऊन त्या 'चले'चा पुन्हा 'चला' केला. तो एवढा टुमदार केला की मूळच्यापेक्षा बरा.

अखेर तक्रार गेली आणि मोहिमेचा एक तरुण अधिकारी मोटारसायकलवर आला. मी खिडकीतून बघत होते. त्याने भिंत वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काका, कायले करून राह्यले हे तुमी?"

बाबारावांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "कायले! ऐकलं का बाई? कायले म्हनते साहेब! गाव कोन्तं, बाप्पा?"

गाव अंजनगावकडचंच निघालं. चहा झाला. अधिकारी जाताना एवढंच बोलला, "आता नवीन भिंती नका घेऊ, काका." काकांनी मान डोलावली. नवीन भिंती उरल्याच नव्हत्या.

आता हे सगळं मी एका हट्टी म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या दोघांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढीच भिंत आहे, आणि दर रविवारी संध्याकाळी पुण्याहून त्यांना व्हिडिओ कॉल येतो. प्रवीणची मुलगी मीरा, सहा वर्षांची. मी पलीकडे वह्या तपासत बसलेली असते, त्यामुळे कानावर पडतंच. दर वेळी तेच. "जेवली का, मीरा? अभ्यास झाला का? काय केलं आज?" आणि, "ठेवतो मंग." संपलं! भिंतीशी तास तास भांडणारा माणूस, आणि नातीशी मोजून तीन प्रश्न. मला राग आला. माझा स्वभावच आहे तो. एकदा फोन संपल्यावर मी सरळ म्हटलं, "बाबारावजी, लेकरू किती आशेने फोन करतं. तोंडात काय मूग धरता का?"

ते खिशातला रुमाल काढून मोबाईलची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मागच्या वर्सी तिनं इचारलं, बाई. आबा, तुमी असं चुकीचं काहून बोलता? लेकरू हाय, तिचं काई नाई. पन मागून प्रवीन म्हने, बाबा, तिच्याशी जरा शुद्ध बोलत जा ना. शाळेत थे तसंच बोलते मंग." रुमालाची घडी घातली. "मी शिकून पाह्यलं. आरशापुढं उभं राहून 'मला, तुला' म्हनलं. जमते. पन बोलतानी वाटते, दुसऱ्याचा सदरा घालून राह्यलो. म्हनून असे प्रश्न काढले का ज्यात ते येतच नाई. ना ला, ना ले."

जेवली का. अभ्यास झाला का. काय केलं आज. मी मराठीची शिक्षिका, मनातल्या मनात वाक्यं तपासली. खरंच, प्रत्ययाचा 'ला' कुठेच लागत नव्हता. वर्षभर हा माणूस दर रविवारी अशी वाक्यं शोधत होता, आणि त्याला फक्त तीन सापडली होती. आणि प्रवीणच्या तोंडात जो 'ला' पक्का बसला, तो कोणी बसवला होता? माझ्याच लाल पेनाने. मला इतकी लाज वाटली की मी वह्या उचलून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीचंही सांगितलं. "मीराले आता वाचता येऊन राह्यलं. लहान लेकरू लिहिलेलं खरं मानते. दिवाळीत येनार हाय. थे साऱ्या भिंतीवर 'ले' पाहीन, तं म्हनीन ना, का आबा चुकीचं नव्हते बोलत?"

म्हणजे एवढ्यासाठी. ते सगळे डबे, ती रंगाची जुळवाजुळव, ते ऊन, एका पोरीने एवढं म्हणावं म्हणून.

दिवाळीत मीरा आली. भाऊबिजेच्या सकाळी बाबाराव इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. हळूच म्हणाले, "तुमी बी चला, बाई. तुमी मास्तरीन. तिनं इचारलं तं निस्तं हो म्हनजा."

निघालो. बाबाराव गप्प. वाघ आला, गप्प. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेवढ्यात मीराच म्हणाली, "आबा, हा वाघ खूप जेवलाय का?" बाबारावांनी माझ्याकडे असं बघितलं, की घ्या, रक्त बोललं!

मग झाडाची भिंत. मीरा बोट लावून वाचायला लागली. "झा-डा-ले..." थांबली. पुन्हा वाचलं. बाबाराव हात मागे बांधून उभे, बोटं एकमेकांत घट्ट.

"हे चुकलंय," मीरा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही टीचर आहात ना? हे बरोबर आहे?"

अठ्ठावीस वर्षांची माझी नोकरी. "बरोबर आहे," मी म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. "आमच्याकडे असंच म्हणतात."

"पण आमच्या पुस्तकात 'झाडाला' आहे." नात कोणाची, तर ज्याला चुकलेलं अक्षर बघवत नाही त्याची. "तुमच्याकडे खडू आहे?"

शिक्षिकेच्या पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच. पण मी हात आत घालेना. बाबारावांकडे बघितलं. वर्षभराची मेहनत समोर होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, "द्या ना वो, बाई. लेकराले खडू द्या."

मीराने टाचा उंच करून 'ले'च्या पुढे एक वाकडातिकडा काना काढला. मग मात्रा तळहाताने घासून पाहिली. बाबारावांची मात्रा, ऑइल पेंटची, ती काय जाते! काना आला आणि मात्राही राहिली. मीराने मागे सरून, एक डोळा मिटून वाचलं. "झाडालो पाणी द्या."

मग ती जी हसत सुटली! "झाडालो! आबा, झाडालो!" आणि बाबारावही हसायला लागले, खोकला येईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी जाताना रस्ताभर तेच चाललं. "मीरालो भूक लागली." "आबालो बी लागली." "त्या कुत्र्यालो पोळी द्या." "टीचरलो पण!" मी सगळ्या व्याकरणावर पाणी सोडून मान डोलावली.

पाहुणे गेले. दोन दिवसांनी बघते तर बाबाराव सायकल घेऊन झाडाच्या भिंतीपाशी. वाटलं, खडू पुसून पुन्हा 'ले' करणार. जवळ गेले. ते बारीक ब्रशने मीराच्या खडूच्या रेघेवर पांढरा ऑइल पेंट भरत होते. रेघ जिथे वाकडी तिथे वाकडी, जिथे हात थरथरला तिथे थरथरती. आयुष्यभर सरळ रेघा मारलेला माणूस ती वाकडी रेघ जिवाच्या काळजीने तशीच वाकडी काढत होता.

"खडू पान्यानं जाते," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला. मी भिंतीपलीकडे वह्या घेऊन बसले होते. जेवली का, झालं. अभ्यास झाला का, झालं. काय केलं आज, झालं. आता "ठेवतो मंग" येणार म्हणून मी वही उघडली.

"मीरा," बाबाराव म्हणाले, "आबालो तुझी लय आठवन येऊन राह्यली."