दोन सूप, एक चमचा

"हॉटेलचं तुम्ही माझ्यावर सोडा," असं रंगवाले म्हणाले, तेव्हाच खरं तर घरातल्या कुणीतरी त्यांना आवरायला हवं होतं. पण त्यांच्या घरात त्यांना आवरायची पद्धत नाही. बायको गालातल्या गालात हसली, मुलानं मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं, आणि सून म्हणाली, "बाबा, कशाला उगीच? मी आपला डबा आणते."

"डबा नाही आणायचा," रंगवाले म्हणाले. "पांढऱ्याच्या बादलीत लाल रंगाचा एक थेंब पडला तर काय होतं, ते मला विचार. एकतीस वर्षं तेच बघतोय. माझ्यासमोर हॉटेलवाले काय चूक करतील?"

रंगवाले म्हणजे चौकातल्या रंगाच्या दुकानाचे मालक. आणि निमित्त होतं सुनेच्या नव्या नोकरीचं. सोमवारी कामाचा पहिला दिवस, म्हणून रविवारी दुपारी सगळ्यांनी बाहेर जेवायचं. इतरांच्या घरी एवढं ठरलं की लोक चपला घालून निघतात. इथे अडचण अशी, की सुनेला सीलिअॅक होतं. गहू, मैदा, बार्ली यातलं कणभर जरी पोटात गेलं तरी तिचं आतडं आतून बिघडायचं. औषध नाही, फक्त पथ्य, आणि तेही जन्मभर. लग्नाला आठ महिने झाले होते आणि एवढ्या काळात तिनं बाहेरचा एक घास खाल्ला नव्हता. लोकांच्या लग्नांतसुद्धा ती कोपऱ्यात बसून आपला डबा उघडायची.

आता सासऱ्याला एवढा पुळका का, हे सांगायला हवं. सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लग्नानंतरच्या पंधरवड्यातली गोष्ट. रंगवाल्यांचं तेव्हा ठाम मत होतं, की हे सगळे नव्या पिढीचे चोचले आहेत. थोडं थोडं पोटात गेलं की अंगाला सवय होते. एकदा बायको फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेली, तेव्हा त्यांनी सुनेच्या भाजीत दोन चमचे मैदा ढवळून टाकला. चांगला एकजीव केला. ढवळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

सून चार दिवस अंथरुणात होती. ओकाऱ्या, पोटात कळा, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, घरात चूक कुठे झाली? सगळ्यांनी शोधली, आणि सापडली ती बायकोची कढई. तिलाच आधीच्या स्वयंपाकाचं पीठ चिकटलेलं राहिलं असणार, असं ठरलं. बायको रडली. आणि रंगवाले? त्यांनी ब्र काढला नाही. उलट, "मी सांगतच होतो, जरा नीट घासत जा," असं म्हणाले. खरंच म्हणाले. तेव्हापासून आठ महिने ते वाक्य त्यांच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

तर हे हॉटेल म्हणजे रंगवाल्यांचं प्रायश्चित्त होतं. एकदा तरी ही पोरगी बिनधास्त बाहेर जेवेल, आणि तेही आपल्यामुळे, म्हणजे फिटंफाट.

ते आठवड्यात तीनदा हॉटेलात जाऊन आले. पहिल्या दिवशी सगळ्या सॉसच्या बाटल्या मागवून भिंगातून लेबलं वाचली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात घुसले आणि दुकानातून आणलेली निळी चिकटपट्टी ओट्याच्या एका कोपऱ्याभोवती चिकटवली. भिंती रंगवताना कडा सांभाळायला लावतात ती.

"या पट्टीच्या आत मैदा येता कामा नये," त्यांनी मुख्य आचाऱ्याला सांगितलं.

आचारी शांत माणूस होता. "साहेब, अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे येतात. आम्ही भांडी वेगळी ठेवतो, चमचे वेगळे, तेलही ताजं घेतो."

"तरी पट्टी असू द्या."

आचाऱ्यानं पट्टी असू दिली. तिसऱ्या दिवशी रंगवाले फक्त ती जागेवर आहे का ते बघून आले.

रविवार उजाडला. खिडकीशेजारचं टेबल, पांढरं कापड, चौघंजण. सून आधी खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती, उठून जाता येईल अशी. मग आचारी स्वतः येऊन तिला काय काय आणि कसं केलंय ते सांगून गेला, आणि ती हळूहळू मागे टेकली. बायकोनं ते बघितलं आणि टेबलाखालून तिचा हात दाबला.

"तुम्ही तुम्हाला आवडेल ते मागवा," सून म्हणाली. "माझ्यासाठी उपाशी राहू नका. फक्त माझ्या ताटापासून लांब ठेवा."

म्हणून रंगवाल्यांनी मशरूमचं सूप मागवलं. मैदा लावून दाट केलेलं, नेहमीचं. सुनेसाठीही मशरूमचं सूपच, पण तिचं वेगळं. दोन्ही आली. रंगवाल्यांनी आपल्या सुपाकडे बघितलं, मग सुनेच्या. दोन्ही पांढरी, आणि दोन्ही सारखीच दाट.

सुनेनं चमचा उचलला होता.

"थांब!" रंगवाले इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनीही चमचा खाली ठेवला. "आचाऱ्याला बोलवा. बोलवा आधी."

आचारी हात पुसत आला.

"हे सूप दाट कसं झालं?"

"बटाटा घोटलाय, साहेब."

"बटाट्यानं इतका दाटपणा येत नाही. मैदा आहे यात. मी एकतीस वर्षं दाटपणा बघतोय, मला शिकवू नका."

"अहो, ते सांगतायत ना," बायको म्हणाली.

"तू गप्प बस. कुणाच्या हलगर्जीपणानं काय होतं, ते आपण घरी बघितलंय."

बायकोचा चेहरा उतरला. ते बघून रंगवाल्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण माणूस बोलायच्या भरात असला की लाजेला मागच्या बाकावर बसवतो. सगळं हॉटेल आता त्यांच्याकडे बघत होतं.

"आत्ता दाखवतो," ते म्हणाले.

दुकानात दोन डब्यांतला रंग सारखा आहे का हे बघायचं, तर ते एका डब्यात काठी बुडवत, वर धरून धार बघत, काठी पुसत आणि तीच काठी दुसऱ्या डब्यात बुडवत. काठी एकच हवी, नाहीतर ताडून बघण्याला अर्थ नाही. एकतीस वर्षांची सवय. रंगवाल्यांनी आपला चमचा आपल्या सुपात बुडवला, वर धरला, धार नीट बघितली. मग तो रुमालावर पुसला आणि सुनेच्या सुपात बुडवला.

"बघा. ही धार जरा लवकर तुटते," ते मान डोलावत म्हणाले. "म्हणजे बटाटाच असावा. तुमचं बरोबर आहे."

सुनेनं आपला चमचा ताटलीत ठेवला, अगदी हळू. खुर्ची मागे सरकवून ती पुन्हा कडेला टेकली.

"साहेब," आचारी म्हणाला, "आता हे मी त्यांना खाऊ देणार नाही."

तेव्हा कुठे रंगवाल्यांनी हातातल्या चमच्याकडे बघितलं.

"पुसला की मी," ते म्हणाले. "आणि राहिलं असलं, तर एवढंसं. एवढ्याशानं काय..."

आठ महिन्यांपूर्वी मैद्याच्या डब्यावर झाकण लावताना ते मनात नेमकं हेच म्हणाले होते. आपण बदललो, असं त्यांना आठवडाभर वाटत होतं. काही बदललं नव्हतं, फक्त चिकटपट्टी लावून झाली होती.

"ती कढई नव्हती," ते टेबलाच्या कापडाकडे बघत म्हणाले. "मी मैदा घातला होता तुझ्या भाजीत. मुद्दाम. सवय व्हावी म्हणून. मला माफ कर, बाळा."

मुलगा "बाबा?" एवढंच म्हणाला.

आचारी वाडगा उचलून निघून गेला.

"त्या चार दिवसांत मी बॅग भरली होती," सून म्हणाली. "मला वाटलं, या घरात आपण जगणार नाही. आईंनी ते रात्रंदिवस माझ्याजवळ बसून काढले, म्हणून राहिले."

रंगवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आज सांगितलंत, ते मी लक्षात ठेवेन. पण यापुढे माझ्या ताटाला हात लावायचा नाही. चाखायचं नाही, ढवळायचं नाही, तपासायचं नाही."

"नाही लावणार. शप्पथ."

"मग झालं."

आचारी नवं सूप घेऊन आला. सुनेनं पहिला चमचा तोंडात घातला, थांबली, मग दुसरा घेतला. तिसऱ्या चमच्याला ती म्हणाली, "छान झालंय हो." बाहेरचं पहिलं जेवण. रंगवाल्यांचा जीव भांड्यात पडला. आठ महिन्यांचा काटा निघाला होता आणि एवढं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी आपलं गार झालेलं सूप पुढे ओढलं.

ते बायकोनं बाजूला सरकवलं.

"सुनेला सांगितलंत, फार छान सांगितलंत," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता, की मुलानं मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. "आठ महिने मी त्या पोरीची माफी मागतेय. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा. माझ्याकडे बघून."

रंगवाल्यांनी मदतीसाठी आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी शेजारच्या टेबलाची रिकामी खुर्ची ओढून ऐकायला बसला.